सत्तावन्न किलो

कुस्ती खेळणारा दमतो, हे सगळ्यांना दिसते. कुस्ती पाहणाराही दमतो, हे मात्र त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा त्याचा आवाज बसलेला असतो, सदऱ्याचे एक बटण तुटलेले असते आणि खांदे दुखत असतात. कारण समोरच्या पैलवानाने टाकलेला प्रत्येक डाव त्याने बसल्या जागी, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात हात टाकून, टाकून पाहिलेला असतो. आमच्याकडे अशा दिवशी सौभाग्यवती एकच प्रश्न विचारतात, "आज तुमची कुणाशी लागली होती?"

माझ्या अंगकाठीविषयी न बोललेले बरे. मी मराठीचा अधिव्याख्याता. आयुष्यात उचललेले सर्वांत जड ओझे म्हणजे प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. पण ज्याला गाता येत नाही तोच मैफलीत पहिल्या रांगेत बसतो, त्यातलाच हा प्रकार. गेली पंधरा वर्षे तीर्थपुरीत मी कुस्तीच्या एका बिनसरकारी, बिनपगारी आणि बिनकामाच्या मंडळाचा सभासद आहे.

तीर्थपुरी कुठे आले, असे पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात हे आमचे बाजारगाव. दक्षिणेला गोदावरी, शिवारात ऊस, कापूस आणि मोसंबी. तालुक्यातलेच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यामुळे मारुतीवर आणि त्याच्या समोरच्या तालमीवर आमचा जरा जन्मसिद्ध हक्क आहे, असे आम्ही मानतो. आमचे टेलरमास्तर तर असे सांगतात की, आमच्या तालुक्यातून एक मुलगा बोहल्यावरून पळाला, थेट कराडकडे गेला, चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर अशा गावांत मारुती बसवून आला, म्हणून तर त्या भागात पैलवान निपजले! इतिहासाच्या परीक्षेत या उत्तराला गुण मिळणार नाहीत. पण ज्या कराडचे नाव घेताना टेलरमास्तरांची छाती उगीचच फुगते, त्या कराडशेजारचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. आणि आमच्या मंडळात सर्वांत जास्त भांडणे ज्या माणसावरून झाली, तो माणूस हाच.

मंडळाचा परिचय करून देतो. अध्यक्षपद निवडणुकीशिवाय आबांकडे आहे. वय पंच्याऐंशी, कान अजून तल्लख. वस्ताद हे एकटेच खरे खेळलेले. दोन्ही कान मोडून गुलाबजामासारखे झालेले आहेत आणि गावातली आठदहा मुले ते पहाटे मातीत घोळवतात. कंडक्टरकाका एस.टी.तून निवृत्त झाले. नोकरीत मराठवाडाभर फिरले, आणि जिथे मुक्काम तिथला आखाडा त्यांनी पाहिला. टेलरमास्तरांचा उल्लेख आलाच. मोसंबीवाले शेठ इनाम लावतात म्हणून त्यांचे मत ऐकून घ्यावे लागते. आणि शेवटी माझ्याच वर्गातला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. त्याच्या मोबाईलमध्ये जगातल्या सगळ्या कुस्त्या आहेत. आमचे वाद मिटवण्यासाठी त्याला घेतले होते. त्यामुळे ते वाढले.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्याला भरली, तेव्हा आमचे हे मंडळ एका जीपमध्ये कोंबून निघाले. घरचे लग्न असावे अशी लगबग. वाटेत शेठच्या डब्यातली मोसंबी संपली, आबांची पान-सुपारी संपली, आणि पोहोचेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशीच्या हलक्या वजनाच्या कुस्त्या आम्ही जाण्याआधीच उरकल्या होत्या. त्याचे कुणालाच काही वाटले नाही. आम्ही आलो होतो ते शेवटच्या कुस्तीसाठी. एका बाजूला आदल्या वर्षीचा केसरी अभिजित कटके, गादी विभागातून आलेला. दुसऱ्या बाजूला बाला रफिक शेख, माती विभागातून आलेला. बाला रफिकने ११-३ अशी कुस्ती मारली, आणि आमच्या वस्तादांनी 'माती जिंकली' म्हणून मला जी मिठी मारली, तिच्यामुळे पुढचे चार दिवस मला फळ्यावर लिहिता आले नाही.

परतताना अंबड मागे पडल्यावर गाडीत शांतता झाली. तेव्हा तो विद्यार्थी म्हणाला, "सर, खाशाबा जाधव कोणत्या साली महाराष्ट्र केसरी झाले?"

कोणी बोलेना. मग वस्ताद अंधारातूनच म्हणाले, "झाले नाहीत."

"कामून?"

या 'कामून'चे उत्तर देण्यात आमची पुढची कितीतरी वर्षे गेली आहेत.

सरळ उत्तर असे की, महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली १९६१ साली, आमच्याच औरंगाबादला. म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. पहिला मान दिनकर दह्यारी यांनी मिळवला. आबा तेव्हा विशीत होते आणि ती कुस्ती त्यांनी पाहिली, असे ते सांगतात. दरवर्षी ती कुस्ती थोडी लांबत जाते, हा भाग वेगळा. १९६१ साली खाशाबा पस्तिशीचे होते, पोलिसात नोकरीला होते. तेव्हा प्रश्नच नाही.

पण वस्तादांचे उत्तर खरे होते, आणि ते जास्त बोचणारे होते. ते म्हणाले, "ते तरणे असते तरी झाले नसते. त्यांचं वजन बगा की! सत्तावन्न किलो."

ज्यांनी खेड्यातली कुस्तीची जत्रा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी जरा सांगतो. दुपारी उन्हे कलतात तशी हलगी वाजू लागते. पहिल्यांदा पोरांच्या कुस्त्या. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. मग नारळाच्या कुस्त्या. मग एक्कावन्न रुपये, एकशेएक, पाचशे. मग हजारांच्या. सूर्य जसजसा खाली जातो तसतसे पैलवान जड होत जातात, आणि अंधार पडायच्या बेताला दोन असे देह समोरासमोर येतात की त्यांनी शड्डू ठोकला तर मागच्या कापडाच्या कनाती हलाव्यात. ती मानाची कुस्ती. फेटा तिला, चांदीची गदा तिला, आमदारांचा हात तिला. पाच फुटांचा, पन्नास-पंचावन्न किलोंचा पैलवान कितीही विजेसारखा लवत असला, तरी तो चार वाजताचा पैलवान. सहा वाजताचा नव्हे. आमच्या कुस्तीत माणसाला वजनाप्रमाणे वेळ मिळते.

महाराष्ट्र केसरीतही निराळे काही नाही. स्पर्धेत सत्तावन्न किलोचा गट असतो, त्याला पदकही असते. पण केसरी व्हायचे तर ८६ किलोंच्या वर असावे लागते. म्हणजे महाराष्ट्राला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून देणारा पैलवान आज तरणाबांड होऊन आला, तरी त्याला त्या गटाच्या काट्यावरच उभे करणार नाहीत.

हे कळल्यावर विद्यार्थी गप्प झाला. मी मात्र घरी जाऊन खाशाबांविषयी सापडेल ते वाचू लागलो. आजवर आम्ही त्यांचे नाव घेत होतो ते शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसे. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. महाविद्यालयात फोटोला हार घालतात, मी चार शब्द बोलतो, मुले टाळ्या वाजवतात आणि वडापाव खातात. पण माणूस कसा खेळत होता, त्याचे कोणाशी काय झाले, हे आमच्या मंडळातल्या एकालाही धड ठाऊक नव्हते. ज्याची कुस्ती पाहिलेली नाही त्याचे चाहते कसे व्हायचे, हा खरा प्रश्न होता. कंडक्टरकाका म्हणाले, "तुम्ही वाचून सांगा. आम्ही चहा पाजतो." असा सौदा ठरला.

तर ती हकीकत अशी. खाशाबा १९२६ चे. वडील दादासाहेब पैलवान, घरातच तालीम. कराडच्या टिळक हायस्कुलातून पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पोराने आजवर मातीत कुस्ती केलेली. तिथे गादी, तिथले नियम निराळे, डावाला गुण. तरी ते सर्वांत हलक्या, फ्लायवेट गटात सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या एका अमेरिकन माणसाने त्यांना तिथे गादीवरची कुस्ती शिकवली. माती सोडून गादीवर पाय ठेवणे म्हणजे काय, हे आमच्या वस्तादांनी समजावून सांगितले: "मातीत पाय रुततो, गादीवर पाय सुटतो. मातीत जोर रेटून चालतं, तिथं झटका लागतो. उभ्या जन्मात बैलगाडी हाकली आणि एकदम मोटारीवर बसवलं, तसं हाय ते."

पुढची चार वर्षे खाशाबांनी तयारी केली. १९५२ चे ऑलिंपिक हेलसिंकीला. या वेळी पैसे उभे करायचे होते. गावाने जमवले, लोकांनी दिले, तरी पुरेनात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये दिले.

हे मी वाचून दाखवले तेव्हा टेलरमास्तरांच्या हातातला चहा निवला. प्राचार्याने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावे? आमचा विद्यार्थी माझ्याकडे पाहून हसला. मी विषय बदलला. माझ्या घरावर अगोदरच बँकेचे कर्ज आहे.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे त्याच सत्तावन्न किलोंत उतरले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ या तिघांना त्यांनी हरवले. 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव: समोरच्याची मान कवेत घ्यायची आणि त्याला उचलून आपटायचे. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. ही कुस्ती लांबली आणि गुणांवर गेली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवपुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण तसे म्हणायला आपल्याकडचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, रशियनाला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

या ठिकाणी आबांनी मला थांबवले. "सर, त्या दिवशी आपण कुठं होतो सांगू? आपण हैदराबाद राज्यात होतो. निजाम जाऊन चार वर्षं झाली नव्हती. मी बारा वर्षांचा. गावात ना पेपर, ना रेडिओ. हेलसिंकी सोडा, आम्हाला कोल्हापूर ठाऊक नव्हतं. मी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते औरंगाबादला, त्या एकसष्टच्या कुस्त्यांत. माझ्या शेजारी एक कोल्हापूरकडला माणूस बसला होता. तो म्हणला, ही सगळी भारी माणसं ठीक आहेत. पण जगात कुस्ती मारली ती आमच्या एका बुटक्यानं. आणि त्याला कोण ओळखत नाही म्हणून तो माणूस रडायला लागला."

आबांच्या गोष्टी दरवर्षी लांबतात, असे मी वर म्हटले. ही लांबलेली नाही.

न ओळखण्याचे कारण एक असेही होते की, दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीत हॉलंडचा ६-१ असा फडशा पाडून सुवर्णपदक घेतले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. सोन्याशेजारी कांसे ठेवले की काय होते, हे गृहिणींना सांगायला नको. गावच्या लोकांनी मात्र काही कमी केले नाही. कराड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. शेठना हा आकडा फार आवडला. ते मनातल्या मनात बैलांच्या जोड्या मोजत असावेत. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. मिरवणूक संपली, गुलाल धुतला, आणि खाशाबांनी काय केले? पुन्हा लंगोट लावला आणि कुस्त्यांची मैदाने लावून प्राचार्यांचे घर सोडवले. जगात तिसरा आलेला पैलवान कर्ज फेडण्यासाठी मातीत उतरला.

पुढे १९५५ मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक झाले, आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले ते २०१० साली. त्यांच्या नंतरचे भारताचे वैयक्तिक पदक लिअँडर पेसचे, १९९६ साली, चव्वेचाळीस वर्षांनी. आणि महाराष्ट्राचे नंतरचे वैयक्तिक पदक स्वप्नील कुसाळेचे, २०२४ साली. तेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच, पण नेमबाजीतले. बहात्तर वर्षे!

एवढे झाल्यावर कंडक्टरकाकांनी चष्मा पुसला आणि भांडणाला तोंड फोडले. कंडक्टरकाकांचे दैवत हरिश्चंद्र बिराजदार. लातूरकडचे रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. म्हणजे आमच्या मराठवाड्याचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, आणि तेही लातुरात. १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. आणि १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. ती कुस्ती पाहायला कंडक्टरकाका रजा टाकून गेले होते. किती लोक होते, हे ते सांगतात तेव्हा बेळगावची लोकसंख्या विचारण्याचा मोह आवरावा लागतो.

"आम्ही डोळ्यांनी पाहिलेला पैलवान तो मामा," काका म्हणाले. "दरवाज्यातून आत आला की घर भरायचं. तुमच्या खाशाबाला गर्दीत शोधावं लागलं असतं."

हे वाक्य मला लागले. काकांनी वाईट हेतूने ते म्हटले नव्हते. पण कुस्तीशौकिनाचे सगळे मर्म त्यात आहे. आपण पैलवानाकडे पाहतो ते डावासाठी कमी, आणि आपल्या अंगात जे नाही ते एका देहात एकवटलेले दिसावे म्हणून जास्त. माझ्यासारखा पंचावन्न किलोंचा मास्तर हत्तीएवढ्या माणसाचा जयजयकार करतो, तेव्हा त्याला घटकाभर स्वतःचे वजन वाढल्यासारखे वाटते. खाशाबांकडे पाहून तसे वाटत नाही. त्यांच्याकडे पाहिले की उलट प्रश्न पडतो: एवढ्याच अंगात याने हे केले, मग आपण काय करत होतो? चाहत्यांना असला प्रश्न विचारणारा पैलवान आवडत नाही. टेलरमास्तरांना हे पटले नाही. ते म्हणाले, लोकांना आवडतो तो जिंकणारा. वजनाचे काही नाही. मग मी त्यांना एवढेच विचारले की, जालन्यात सत्तावन्न किलोचा गट कोणी जिंकला? त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

बिराजदारांविषयी मात्र एक गोष्ट अशी निघाली की दोन्ही पक्षांची तोंडे बंद झाली. ती मोबाईलवाल्याने काढली. बेळगावात हरलेले सतपाल पुढे दिल्लीत गुरू झाले, आणि त्यांचाच चेला सुशीलकुमार २००८ साली बीजिंगला कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर कुस्तीतले ते पहिले ऑलिंपिक पदक. मध्ये छप्पन्न वर्षे गेली. आणि जिंकलेले बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवत बसले. त्यांचा एक चेला राहुल आवारे. गोदावरीच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात पाटोद्याचा. २०१८ मध्ये त्याने गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण घेतले. बिराजदार ते पाहायला नव्हते. ते २०११ सालीच गेले. पण गट कोणता होता?

"सत्तावन्न किलो," विद्यार्थी म्हणाला.

कंडक्टरकाका बराच वेळ बोलले नाहीत. ज्याच्या येण्याने घर भरायचे त्या मामांनी हाताखाली काय घडवले, तर सत्तावन्न किलोंचा गडी. शेवटी ते एवढेच म्हणाले, "मामाला कळत होतं म्हणायचं."

मग त्या पोराला जोर चढला. त्याने आपल्या देशाला ऑलिंपिकमध्ये कुस्तीत मिळालेली सगळी पदके काढली. आठ आहेत. खाशाबा ५७. सुशीलकुमार दोनदा, ६६. योगेश्वर दत्त ६०. साक्षी मलिक ५८. रवी दहिया ५७. बजरंग पुनिया ६५. आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावत, पुन्हा ५७. आठांपैकी एकही पैलवान सत्तर किलोंचा नाही! महाराष्ट्र केसरीच्या काट्यावर आठांतला एकही चालला नसता. गेली साठ वर्षे आम्ही गदा, फेटा, बदाम, तूप, इनाम आणि माझ्यासारख्यांचा घसा, सगळे एका टोकाला ओतत आलो, आणि पदके आली ती दुसऱ्या टोकाकडून.

मला यात इशीची आठवण होते. खाशाबांना हरवणाऱ्या त्या जपानी पैलवानाचे सुवर्ण हे हेलसिंकीत जपानला मिळालेले एकुलते एक सुवर्ण होते. देश युद्धात होरपळलेला. त्यांनी त्या एका लहानखुऱ्या माणसाकडे नीट पाहिले असावे. आपली माणसे अशीच आहेत, तेव्हा अशाच वजनात कुस्ती वाढवू, असे त्यांना वाटले असावे. बारा वर्षांनी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, जपानने कुस्तीत पाच सुवर्णे घेतली. त्याच गादीवर, त्याच आठवड्यात, आपल्यालाही तसाच एक माणूस मिळाला होता. एकच का? कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच स्पर्धेत वरच्या वजनात चौथे आले होते. त्यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? चौथ्या क्रमांकाला मिरवणूक नसते. आबा म्हणाले, "त्यांच्यासाठी एक गाडी तरी निघाली असेल का हो?" कोणाला सांगता आले नाही.

आता हे सगळे वाचनालयातल्या गप्पांवरच संपले असते, तर मी दिवाळी अंकाला पाठवले नसते. पण गेल्या वर्षभरात हा वाद आमच्या गावातल्या एका घरात शिरला आहे.

वस्तादांच्या तालमीत एक मुलगा आहे. सतरा वर्षांचा. वडील दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत सालाने राहतात. पोराचे अंग वेताच्या छडीसारखे. पट काढतो तो दिसतच नाही, समोरचा खाली गेलेला दिसतो. दोन-तीन जत्रांतून तो नारळ घेऊन आला. घरी नारळांची भाजी होत नाही. वडील वस्तादांकडे आले आणि म्हणाले, "वस्ताद, लेकराला भारी करा. दूध वाढवतो, शेळी विकतो, बदाम आणतो. पंच्याऐंशीच्या वर गेला तर हजारांच्या कुस्त्या मिळतील. दोन बहिणी आहेत त्याच्या."

वडिलांचे काही चुकते असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. त्यांनी बाजार पाहिलेला आहे. जिथे भाव आहे तो माल पिकवावा, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण वस्ताद अडून बसले. त्या पोराच्या हाडापेराला पंच्याऐंशी किलो पेलणार नाहीत. चरबी चढेल आणि चपळाई जाईल. मग तो ना इकडचा ना तिकडचा, असे त्यांचे म्हणणे. "हा सत्तावन्नचा आहे. देवानंच काट्यावर ठेवून पाठवला." वडील म्हणाले, "देवानं पाठवला, पण इनाम शेठ लावतात."

सगळ्यांनी शेठकडे पाहिले.

शेठ व्यापारी माणूस. ते म्हणाले, हलकी कुस्ती शेवटी ठेवली तर लोक उठून जातील; इनाम लावणाऱ्याचे नाव पुकारायचे तेव्हा ऐकायला तर कोणी हवे! यातही खोटे नव्हते. दोन संध्याकाळ वाद चालला. टेलरमास्तरांनी वर्गणी काढू म्हटले. कंडक्टरकाकांनी, आश्चर्य म्हणजे, निवृत्तिवेतनातून महिन्याला पाचशे द्यायचे कबूल केले, आणि वर असेही म्हणाले की मामा असते तर त्यांनी हेच केले असते. मी काय दिले ते सांगत नाही. घर गहाण टाकलेले नाही, एवढे वाचकांनी समजून घ्यावे. आबांनी शेठना फक्त एक विचारले: "खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं तेव्हा त्यांचं नाव पुकारायला मैदानात कोण होतं?" शेठ उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. येत्या जत्रेत सत्तावन्न किलोची एक कुस्ती लागेल, पाच हजारांची, निकाली. फक्त मानाच्या कुस्तीच्या आधी, नंतर नाही. शेवटी अंधार पडायच्या आत साडेपाचची वेळ ठरली. व्यापाऱ्याने दीड तास दिला, हे काही थोडे नाही.

वडील अजून पुरते वळलेले नाहीत. एका कुस्तीने वर्ष निघत नाही, हे त्यांना आणि आम्हालाही कळते. त्यांनी जत्रेपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर शेळी विकायची नाही आणि बदामही आणायचे नाहीत.

तालमीत वजनकाटा नाही. म्हणून दर आठवड्याला वस्ताद त्या पोराला कापूस खरेदी करणाऱ्या एका दुकानदाराच्या काट्यावर घेऊन जातात. गेल्या वेळी मीही गेलो होतो. दुकानदाराने आधी कापसाचे गाठोडे उतरवले, मग पोरगा लंगोटावर काट्यावर चढला. आकडे हलले, थांबले. सत्तावन्न किलो चारशे ग्रॅम.

वस्तादांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "चारशे ग्रॅम कुठून आणलेस रे?"

"काल मावशीच्या घरी पुरणपोळी होती, वस्ताद."

"उद्या पहाटे दोन कोस पळायचं. सर, तुम्ही पण चला."